दोन रेघा आणि येळवस

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी 'तसं काही घडलंच नाही' म्हणायला नको. गेल्या येळवशीच्या सणाला, सकाळी, निलंग्यात तिच्या सासरी, शेतात न्यायची डालगी भरून होत आली होती तेव्हा. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट कपाळाला विभूती लावली, ओटी भरली, तोंडात साखर घातली. आणि तेवढ्यानं तिचा एक महिना बुडवला. महिना म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटत असेल तर पुढं वाचा. तिच्या हातात महिने होतेच मुळात थोडे.

नावं देत नाही. ती माझी ताई, तिचा नवरा माझे दाजी आणि सासू म्हणजे अव्वा. कर्नाटकच्या शिवेवरच्या आमच्या लिंगायत घरांत आईला अव्वाच म्हणतात. सासरे नाहीत. अव्वा आणि ताई मिळून किराणा दुकान चालवतात. दाजी नांदेडला एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहेत. शनिवारी संध्याकाळी निलंग्याला येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जातात. मीही नांदेडलाच असते. बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनेत आहे. गावोगावी पत्रकं वाटायची, शाळेत आणि बचत गटात पाळीवर बोलायचं, कुणी 'हे काय चव्हाट्यावर बोलायचं असतं का' म्हणालं की 'होय, चव्हाट्यावरच' म्हणून ठणकावायचं, हे माझं रोजचं काम.

ताईच्या लग्नाला पाच वर्षं झाली. पाळी आली की ती भिंतीला टाचा लावून पडायची आणि घामानं भिजायची. घरच्यांनी त्याला 'हिचं अंगच तसलं' म्हटलं. शेवटी लातूरला सोनोग्राफी केली तेव्हा अंडाशयावर गाठ निघाली, जुन्या साकळलेल्या रक्ताची. भादव्यात ऑपरेशन झालं. टाके काढायला गेलो त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ताई, अव्वा आणि मी होतो. दाजी खाली मेडिकलवर औषधं घ्यायला उभे. हे दरवेळचंच. खोलीत काही महत्त्वाचं बोलणं सुरू झालं की घरातला पुरुष मेडिकलवर असतो.

डॉक्टर म्हणाल्या, "गाठ काढलीय, पण ती परत धरू शकते. पुढचे सहा-आठ महिने चांगले आहेत, ते वाया घालवू नका. पाळीच्या बाराव्या ते सोळाव्या दिवसांत संबंध आले पाहिजेत."

संबंध हा शब्द ऐकून अव्वा छताच्या पंख्याकडं बघायला लागल्या. ताई पदराचं टोक पिळत होती. तेवढ्यात दार उघडून दुसरी पेशंट आत येऊन बसलीसुद्धा. बारा ते सोळा. एवढंच घेऊन आम्ही जिना उतरलो.

खाली दाजींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

अव्वा म्हणाल्या, "काय न्हाई. मी सांगंल तवा येत जा."

त्या दिवसापासून मोजदाद अव्वांच्या हातात गेली. बोटांच्या पेरांवर मोजायच्या, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी ओठ हलत असायचे. मग मुलाला फोन, "ह्या शनवारी येच बाबा. चुकू नको." ताईला वेगळं काही सांगायच्या नाहीत. फक्त त्या शनिवारी तिला दुकान लवकर बंद करायला लावायच्या आणि नवरा-बायकोच्या खोलीतली तांदळाची पोती एका बाजूला सरकवायच्या. सासू वाईट नव्हती, हे मला इथंच लिहून ठेवलं पाहिजे. नातवंडाची तिच्याएवढी आस त्या घरात कुणालाच नव्हती.

दोन महिने असे गेले. दोन्ही वेळा पाळी आली.

दिवाळीला ताई माहेरी, जळकोटला आली. अंगणात बसून आम्ही शेंगा फोडत होतो. ती सहज म्हणाली, "ह्या वेळी तर बरोबर चौदाव्या दिवशी आले होते गं हे. तरी न्हाईच."

"चौदावा कुठून धरलास?"

"न्हाल्यापासून."

"न्हाल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे काय? बाहीर बसायचं सरल्यावर पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाते ना, तिथून. अव्वा तिथूनच धरतात. सगळेच धरतात."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या घरात पाळीचे पहिले चार दिवस दिवसांत धरतच नाहीत. त्या दिवसांत सून असते कुठं? तिचं ताट वेगळं, चटई वेगळी, गल्ल्याला हात लावायचा नाही, चुलीपाशी जायचं नाही. न्हाऊन ती परत स्वयंपाकघरात पाऊल टाकते तेव्हा तिचा महिना सुरू होतो. डॉक्टरांचा पहिला दिवस रक्त दिसतं तो. अव्वांचा पहिला दिवस त्यानंतर चार दिवसांनी उजाडायचा. त्यातून ताईची पाळी महिना पुरा होऊच देत नाही, तीन-चार दिवस आधी येते. म्हणजे तिचं बीजही आधीच फुटतं. बाईचं बीज फुटलं की जेमतेम दिवसभर टिकतं. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काय तो मोका. दाजी पोत्यांच्या खोलीत पोचायचे तेव्हा तो मोका उलटून पाच-सहा दिवस झालेले असायचे. मी हे ताईला मोडक्या शेंगांच्या ओळी मांडून दाखवलं. ती त्या ओळींकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही महिने गेलेच म्हण की."

मला कशाचा संताप आला ते सांगते. बाई कधी बाहेर बसली ते अख्ख्या गल्लीला कळतं. दुकानात सून दिसली नाही की मीठ न्यायला आलेलं पोरगंसुद्धा ओळखतं. तिच्या रक्ताचा दिवस सगळ्यांच्या मालकीचा. आणि जो दिवस खरोखर तिच्या कामाचा, तो कुणालाच ठाऊक नाही, तिलाही नाही. आमच्या गळ्यात इष्टलिंग आहे. आमच्या शरणांनी, म्हणजे संतांनी, आठ-नऊशे वर्षांपूर्वी विटाळ मोडीत काढला, हे आम्ही व्यासपीठावरून छाती फुगवून सांगतो. एकदा मी हे अव्वांनाच ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या, "ते खरं गं बाई. पण ऱ्हायचं गल्लीत हाय ना आपल्याला?"

मोजणीचंही मी त्यांना फोनवर सांगितलं. आडून-आडून नाही, सरळ.

"अव्वा, पाळीचा पहिला दिवस रक्त दिसतं तिथून धरायचा."

"विटाळाचे दिवस कोण धरतंय? डॉक्टरीण बाई काय येडी हाय व्हय?"

"डॉक्टर तसंच धरतात."

"मला तसं सांगितलं न्हाई तिनं. मी तिथंच बसले होते. तू आधी लगीन कर, मंग मला शिकव."

फोन ठेवला. आता अव्वांना बाजूला ठेवूनच काही करायला हवं होतं.

बीज फुटायच्या आधी लघवीत एक द्रव्य वाढतं आणि ते दाखवणारी पट्टी मेडिकलमध्ये मिळते, हे मला माहीत होतं. नांदेडला आमच्या खोलीजवळच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी माझ्या गळ्याकडं पाहिलं. मंगळसूत्र नाही. मग हलक्या आवाजात, "प्रेग्नन्सीवाली ना, आपा? एक देऊ की दोन?"

"नाही. बीज कधी फुटतं ते कळायची पट्टी."

"वो कौन लेता यहाँ? मंगवाके देतो. दोन दिन."

मागं उभ्या दोन बायका एकमेकींकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं वळून म्हटलं, "तुम्हालाही लागली तर सांगा, एकत्रच मागवू." त्या गडबडीनं खोकल्याचं औषध मागायला लागल्या.

पट्ट्या आल्या. पातळ कागदी काड्या, त्यांच्यावर दोन रेघा. पहिली रेघ नेहमीच गडद येते. दुसरी बहुतेक दिवस फिकी असते. ती पहिलीएवढी गडद झाली की पुढच्या दिवस-दीड दिवसात बीज फुटणार. दिसायला हुबेहूब गरोदरपणाच्या पट्टीसारखी. तिथं फिकी रेघही आनंदाची, इथं फिक्या रेघेला काही अर्थ नाही. हे मी ताईला तीनदा समजावलं. तिला कळलं. ती हुशार आहे, दुकानाचा हिशोब तोंडी करते.

पहिल्या खेपेला रेघ गडद झाली तो मंगळवार. दाजी नांदेडला, ताई निलंग्यात. आता कारण पाहिजे. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, परवानगी अजून पूर्णच लागते. ताईचा फोन आला, आवाज दबका, "झालीय गं गडद. काय करू?"

"मला ताप आलाय म्हणून सांग. डेंग्यूसारखा."

"खोटं?"

"मग खरं सांगतेस का?"

दुपारच्या गाडीनं ती उदगीर-जळकोटवरून आली, माझ्यासाठी अव्वांनी दिलेली भगर आणि लिंबाचं लोणचं घेऊन. दाजी मिलमधल्या चौघांबरोबर एका खोलीत राहतात, तिथं ताई जाणार कुठं? मी माझी खोली रिकामी केली, रूम पार्टनरला घेऊन तिच्या मावशीकडं निघाले. कोपऱ्यावर दाजींच्या हातात किल्ली ठेवली.

"दाजी, दूध आणून ठेवलंय. आज आणि उद्या."

ते चपलेकडं बघत म्हणाले, "लीडरबाई, हे पण छापता का तुम्ही पत्रकात?"

"तुम्ही निलंग्यात जाऊन राहिला असता तर छापायची गरज पडली नसती."

"रजा कशी मागू? कारण काय लिहू? मामा वारले म्हणू?"

"तुमचे मामा गेल्या वर्षी दोनदा वारलेत."

ते हसले. मीही हसले. त्या दोन दिवसांत मला वाटत होतं, जमलं. मग पंधरवडा मी फोनकडं बघत काढला. मीटिंगमध्ये कुणी बोलत असलं तरी माझा हात पिशवीत. ताईचा नुसता मिस्ड कॉल आला तरी मी उठून बाहेर पळायचे. शेवटी आला तो मेसेज एका शब्दाचा. 'बसले.' म्हणजे बाहेर बसले.

वेळ जुळली म्हणजे लागतंच असं नाही, चांगल्या धडधाकट बाईलाही काही महिने लागतात, हे मी तिला फोनवर समजावलं. सांगताना माझाच आवाज पोकळ येत होता. मनात एकच गणित. ऑपरेशन भादव्यात. आता मार्गशीर्ष.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पुजायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि ओळखीच्या-अनोळखी माणसाला जेवल्याशिवाय शिवारातून जाऊ द्यायचं नाही. परगावी असलेला माणूस येळवशीला घरी येतोच. मी दिवस मोजले तर ताईचा मोका नेमका येळवशीच्या पुढंमागं येत होता. मला विश्वासच बसेना. खोटा ताप नको, बस नको, किल्ली नको. दाजी दोन रात्री घरीच. मलाही आवतन होतं. आम्ही दोघं एकाच गाडीनं निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना सांगितलं, "उद्या-परवाच दिवस आहे, दाजी. ध्यानात ठेवा."

"हं," म्हणाले.

आदली रात्र घरातल्या सगळ्या बायकांनी चुलीपाशीच जागून काढली होती, येळवशीच्या सकाळी स्वयंपाकघरात वाफच वाफ होती. ताई न्हाणीघरातून बाहेर आली, माझ्याजवळ उंडे वळायला बसली आणि डोळ्यांनीच म्हणाली, झाली. पट्टी तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून न्हाणीच्या खिडकीत ठेवली होती, मला दाखवायला. मी हात धुवायला उठणार तेवढ्यात अव्वा पाय धुवायला आत गेल्या.

बाहेर आल्या त्या पट्टी तळहातावर घेऊन. शेजारणीच्या लेकीच्या वेळी त्यांनी असलीच पट्टी पाहिली होती. दोन रेघा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"माझी लक्ष्मी गं!" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. पाच वर्षांत त्यांनी ताईला हाक मारली होती ती 'ए' म्हणून. मग विभूती, मग ओटी, मग साखर. अंगणात दाजी मोटारसायकलला डालगं बांधत होते. अव्वा पायरीवरून ओरडल्या, "आरं, बाप व्हायलास!"

मी दाजींकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. ही पट्टी कशाची, कुणी आणली, कशासाठी. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी दोरीची गाठ आवळली आणि म्हणाले, "व्हय का, अव्वा."

ताई का बोलली नाही, हे मला कुणी विचारू नये. ती बोलली असती तर तापाचं खोटं निघालं असतं, नांदेडची खोली निघाली असती, सासूच्या पाठीमागं नवऱ्याला गाठायला गेली असं झालं असतं. आणि समोर पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला कवटाळून रडत होतं. तिनं काय करावं?

शेतात तर जत्राच भरली. ताईला कोपीच्या सावलीत गोधडीवर बसवलं. वाकू नको, आंबील थंड हाय, पिऊ नको. तिनं पाण्याचा तांब्या उचलला तरी अव्वा धावायच्या, "ब्याड, ब्याड! ठेव खाली." ब्याड म्हणजे नको, आनंदात अव्वांचं कानडी वर येतं. शेजारच्या शेतातल्या बायका जेवायला आल्या. एक म्हणाली, "ज्वारी बी पोटऱ्यात आली अन् सून बी!" कणीस बाहेर पडायच्या आधी ज्वारीचं ताट फुगतं, त्याला पोटऱ्यात येणं म्हणतात. सगळ्या खिदळल्या. ताईनं मान खाली घातली आणि त्यांना वाटलं, लाजली.

मला राहवलं नाही. मी भज्जीचं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अव्वा, ही ती पट्टी नाही. ही बीज फुटायची पट्टी आहे. पोटात अजून काही नाही. आज-उद्याच ते व्हायचंय."

मग एक म्हातारी म्हणाली, "काय फुटायचं म्हणतीय पोरगी?" आणि हशा पिकला.

अव्वा हसल्या नाहीत. "सणाच्या दिवशी अभद्र बोलू नको. बिनलग्नाची पोर तू, तुला काय ठावं असल्या गोष्टी?"

"दाजींना विचारा."

सगळे दाजींकडं वळले. ते बांधावर काकांबरोबर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं, मी शपथेवर सांगते. ते उठले आणि पाण्याची कळशी घेऊन विहिरीकडं गेले.

ताईनं माझा दंड चिमटीत धरला. "गप गं. तुला पाया पडते."

त्या संध्याकाळपासून ताईचं अंथरूण अव्वांच्या शेजारी गेलं. पहिले तीन महिने जपायचं असतं, त्यातून हिचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्यानं जवळसुद्धा फिरकायचं नाही. दाजींची गादी पुढं दुकानात, पाहुण्या माणसांबरोबर. बीज त्याच घरात, त्याच दोन दिवसांत फुटलं असणार. नवरा एका भिंतीपलीकडं. जे बाळ अजून व्हायचंच होतं, त्याची काळजी घेण्यापायी ते होऊ दिलं नाही. मी लई सभा केल्यात, लई भांडणं केलीत. एवढी हतबल कधी झाले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दाजी तुरीच्या हंगामाला हजर.

पंधरा दिवसांनी ताईला पाळी आली. ती कुठली पाळी! गल्लीच्या लेखी 'पडलं' होतं. अव्वांनी जेवण सोडलं. मला फोन करून म्हणाल्या, "तू येळवशीला तोंड घातलंस, म्हणून." आणि ताईला घेऊन लातूरला निघाल्या, पोट साफ करून घ्यायला. मी नांदेडहून धावत सुटले. वाटेत एकच धास्ती, आधीच अंडाशयाचं ऑपरेशन झालेली बाई आणि तिच्या पिशवीला उगाच कुणी हत्यार लावलं तर?

डॉक्टरीणबाई शहाण्या निघाल्या, त्यांनी आधी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "इथं गर्भ नव्हताच. ही साधी पाळी आहे. तारखा बघून प्रयत्न करताय ना?"

अव्वा म्हणाल्या, "करतोय की. न्हाणं झाल्यापासून धरून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "न्हाणं झाल्यापासून? अहो, रक्त दिसलं तो पहिला दिवस. हे सगळ्यांना माहीत असतं."

"कुणाला?" मी विचारलं. "तुम्ही सांगितलं होतं का, कुठून मोजायचं? मी इथंच उभी होते."

"एवढं सगळं सांगायला वेळ कुठं असतो?"

"दोन शब्द आहेत, मॅडम. रक्तापासून मोजा."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पुढची पेशंट आत येऊन बसली होती.

आमच्या संघटनेत तरी काय वेगळं? पत्रकात आम्ही पॅड छापतो, विटाळ मोडा छापतो, लोहाच्या गोळ्या छापतो. बीज कधी फुटतं हे छापा म्हटलं की वरच्या पदावरच्या बाई म्हणतात, "ते लग्न झालेल्यांचं आहे, नंतर घेऊ." घ्या नंतर.

अव्वांना डॉक्टरांचं पटलं की नाही, मला कळलं नाही. पण त्यांनी गावभर साखर वाटली होती. गर्भच नव्हता म्हणायचं तर हसं होणार. त्यापेक्षा 'पडलं' बरं. आणि पडलं म्हटल्यावर रीत आलीच, अंग भरून येईस्तोवर नवरा-बायकोनं वेगळं राहायचं. अव्वांनी दाजींना कळवलं, दोन-तीन महिने रविवारी आलास तरी दुकानातच नीज. दोन-तीन महिने! डॉक्टरांनी दिलेल्यातले उरलेच होते तेवढे. माघात ताईचा फोन आला, "कंबरेत परत तसंच दुखायलंय गं. पूर्वीसारखं." मी तिला म्हटलं, दुकानात पोती उचलली असशील. फोन ठेवला आणि आमच्या ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले.

मग तडक डाळमिलच्या फाटकावर गेले. जेवणाची सुट्टी होती, दाजी बाहेर आले, अंगावर सगळीकडं तुरीचा भुसा.

"दाजी, अव्वांना फोन लावा."

"बघतो."

"बघतो नाही. आता."

"काय सांगू? लाज वाटते."

"कशाची लाज? तिला चार दिवस चटईवर टाकता त्याची वाटत नाही, तिचं न झालेलं मूल पडलं म्हणून गाव रडतंय त्याची वाटत नाही. एक पट्टी कशाची होती ते आईला सांगायची लाज वाटते?"

त्यांच्या मागं दोन हमाल विडी ओढत उभे होते. ते ऐकतायत हे दाजींना दिसत होतं, मलाही. मी आवाज कमी केला नाही.

त्यांनी फोन लावला. मी स्पीकर लावायला सांगितलं.

"अव्वा, ते येळवशीचं... पोटात काही नव्हतंच. ती पट्टी वेगळी होती. मला ठाऊक होतं."

पलीकडून दुकानातला तराजू वाजल्याचा आवाज. मला वाटलं आता शिव्या, आता रडणं.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"असंच."

परत तराजू वाजला. मग अव्वा म्हणाल्या, "मंग आता कधी येतोस? दिवस कुठून धरायचे ते तिला विचारून सांग मला."

बस. एवढंच होतं ते. एवढ्या एका वाक्यासाठी येळवस गेली, त्यानंतरचा महिनाही गेला.

त्यानंतर दाजी एकदा बुधवारी आणि एकदा सोमवारी रजा टाकून निलंग्याला गेले. कारणात काय लिहिलं मी विचारलं नाही. पहिल्या खेपेला पाळी आली. दुसऱ्या खेपेचं अजून कळायचंय. मधल्या सोनोग्राफीत डॉक्टरांना उजव्या बाजूला काहीतरी बारीक दिसलं, 'आत्ताच गाठ म्हणता येणार नाही, लक्ष ठेवू' म्हणाल्या. ताई फोनवर दुकानाचं बोलते, साखरेचा भाव सांगते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. फोन वाजला की मी आधी नाव बघते आणि मग श्वास घेते.

आता तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही, जे नोकरीसाठी नांदेडला, लातूरला, पुण्याला राहता आणि बायकोला गावाकडं आईपाशी ठेवलंय. मूल व्हावं म्हणून आईचे उपास चालू आहेत, बायकोच्या तपासण्या चालू आहेत आणि तुम्ही शनिवारी जाऊन सोमवारी परत येता. हे वाचून कागद घडी करून ठेवू नका. आज बायकोला फोन करा आणि विचारा, रक्त कोणत्या तारखेला दिसलं. तिथून मोजायला शिका. तिचा मोका आठवड्याच्या मध्ये आला तर रजा तुम्ही टाका, प्रवास तुम्ही करा, तिला खोटा ताप शोधायला लावू नका. आणि आईला जे सांगायचं ते तुमच्या तोंडानं सांगा. 'बघतो' म्हणू नका. फोन हातातच असेल. लावा.